बुस्केट्सची मॅच कशी बघायची: मिडफिल्डला खेळणाऱ्या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

माझा भाचा तेरा वर्षांचा आहे, कोल्हापुरात मिडफिल्डला खेळतो, आणि गेल्या दिवाळीत त्याने मला विचारलं की मामा, मी मधे उभा असतो पण मला बॉलच येत नाही, आणि आला की लगेच कुणीतरी येऊन काढून घेतं, मग मी करू तरी काय. मी म्हटलं चल, आपण एकाच माणसाच्या मॅचेस बघू, बार्सिलोना आणि स्पेनचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर सर्जिओ बुस्केट्सच्या. वीस मिनिटांत पोरगं कंटाळलं. "मामा, हा तर काहीच करत नाही." चूक त्याची नव्हती, कसं बघायचं ते मी त्याला सांगितलंच नव्हतं. नंतर आम्ही दोघांनी बसून एक पद्धत बसवली, ती इथे लिहितोय, कुणाच्या घरात असं मधे खेळणारं पोरगं किंवा पोरगी असेल तर उपयोग होईल.

आधी माणूस कोण ते बघू, कारण करिअर माहीत असलं की कुठली मॅच कधीची आणि तिच्यात काय शोधायचं ते कळतं. जन्म १६ जुलै १९८८, साबादेल, बार्सिलोनाच्या जवळचं शहर, आणि वाढला तिथल्याच बादिया नावाच्या कामगार वस्तीत. वडील कार्लेस बुस्केट्स बार्सिलोनाचे गोलकीपर होते, क्रायफ कोच असतानाचे, पायाने बॉल छान खेळायचे आणि फुल पँट घालून गोलमध्ये उभे राहायचे म्हणून लोकांच्या अजून लक्षात आहेत. पण पोरगा काही लहानपणापासून बार्साच्या अकादमीत नव्हता बरं का, आसपासच्या छोट्या क्लबांतून खेळत खेळत २००५ ला, म्हणजे सतराव्या वर्षी तिथे पोचला. हे मी पालकांना मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे दहा वर्षांच्या पोराचं एका सिलेक्शनमध्ये नाव आलं नाही की घरात सुतक असल्यासारखं होतं.

२००७ ला पेप ग्वार्दिओला बार्साच्या बी टीमचा कोच झाला, ती टीम तेव्हा स्पेनमध्ये चौथ्या पायरीवर होती, तिथे बुस्केट्स त्याच्या हाताखाली खेळला, टीम वरच्या डिव्हिजनला गेली, आणि २००८ ला पेप मुख्य टीमकडे गेला तेव्हा ह्याला बरोबर घेऊन गेला. तिथून २०२३ पर्यंत बार्साकडून ७२२ मॅचेस, त्याच्यापेक्षा जास्त फक्त मेस्सी आणि शावीच्या. ९ वेळा ला लीगा (स्पेनची लीग), ३ वेळा चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा), स्पेनकडून १४३ मॅचेस, २०१० चा वर्ल्ड कप, २०१२ चा युरो. आणि गोल किती? बार्साकडून १८, स्पेनकडून २. पंधरा वर्षांत वीस गोल, त्यामुळे हायलाइट्स लावून बसलात तर हा माणूस तुम्हाला सापडणारच नाही.

म्हणून पहिला नियम हाच, हायलाइट्स नकोत, पूर्ण मॅच लावायची. जुन्या वर्ल्ड कपच्या मॅचेस फिफा स्वतःच ऑनलाइन टाकतं, क्लबच्याही काही मिळतात. अख्खी मॅच एका दमात बघायची गरज नाही, पंधरा मिनिटांचा तुकडा घ्या, आवाज बंद करा (कॉमेंट्री बॉलबरोबर पळते आणि आपले डोळे कॉमेंट्रीबरोबर), आणि त्या पंधरा मिनिटांत फक्त ह्याच्यावर नजर ठेवा. बॉल कुठेही जाऊ दे. सुरुवातीला हे फार अवघड जातं, डोळे आपोआप बॉलकडे पळतात, दोन-तीन वेळा करून बघितलं की जमायला लागतं. ओळखायला सोपा आहे, सहा फूट दोन इंच उंच, काटकुळा, पहिल्या सीझनला २८ नंबर, मग १६, आणि २०१४ ला पुयोल रिटायर झाल्यावर ५. स्पेनचा कोच विसेंते देल बॉस्के ह्याच्याबद्दल म्हणाला होता की मॅच बघितली तर बुस्केट्स दिसत नाही, पण बुस्केट्सला बघितलं तर सगळी मॅच दिसते. आमची सगळी पद्धत ह्या एका वाक्यावर उभी आहे.

आता नजर ठेवायची म्हणजे नेमकं काय बघायचं.

सगळ्यात आधी मान. वहीत एक रेघ मारा आणि बॉल त्याच्याकडे यायच्या आधीच्या दहा सेकंदांत तो किती वेळा मान वळवून मागे बघतो ते मोजा. भाच्याने मोजायला सुरुवात केली आणि तिथेच त्याचा कंटाळा गेला, कारण आता त्याला काम मिळालं होतं. बॉल डिफेंडर पीकेकडे असतो, बुस्केट्स डाव्या खांद्यावरून बघतो, बॉल सुटतो, उजव्या खांद्यावरून बघतो, बॉल वाटेत असताना परत एकदा. म्हणजे बॉल पायाशी येतो तेव्हा मागे कोण आहे, किती लांब आहे, पुढचा पास कुणाला द्यायचाय, हे सगळं ठरलेलं असतं. आपली पोरं बॉल घेतात, थांबवतात, मग मान वर करतात आणि मग विचार करतात, तेवढ्यात समोरचा अंगावर आलेला असतो. भाच्याच्या प्रश्नातलं ते "लगेच कुणीतरी येऊन काढून घेतं" होतं ना, त्याचं उत्तर इथेच आहे.

मग शरीर कसं ठेवतो ते बघा. तो बॉलच्या समोर छाती करून क्वचितच उभा असतो, थोडा तिरका असतो, एक खांदा बॉल देणाऱ्याकडे आणि दुसरा समोरच्या टीमच्या गोलकडे, म्हणजे मान थोडी जरी हलवली तरी दोन्हीकडचं दिसतं. आणि बॉल घेतो तो लांबच्या पायावर. पास डावीकडून आला तर उजव्या पायावर, त्यामुळे फर्स्ट टचलाच अंग पुढे वळलेलं असतं. ह्याच गोष्टीने अर्धा सेकंद वाचतो, आणि मिडफिल्डला अर्धा सेकंद म्हणजे खूप झाला. पळण्यात हा माणूस कधीच वेगवान नव्हता, वेग कुठून आणायचा तर असा आणायचा.

तिसरं, थांबणं. स्पेनमध्ये ह्याला ला पाउसा म्हणतात. समोरचा प्रेसला, म्हणजे बॉल काढून घ्यायला, धावून येतोय, सगळ्यांना वाटतं आता पास देईल, आणि हा बॉलवर तळवा ठेवून एक क्षण थांबतो, समोरच्याला जवळ येऊ देतो, मग तळव्याने बॉल मागे ओढतो किंवा पास मारायची ॲक्शन करून दुसरीकडे वळतो, आणि तो बिचारा शेजारून निघून जातो. बघायला फार भारी वाटतं पण कृपा करून पोरांना इथून सुरू करायला लावू नका. तो समोरच्याला जवळ का बोलवतो हे आधी समजलं पाहिजे. समोरच्या टीमचा माणूस ह्याच्या अंगावर आला म्हणजे त्याने स्वतःची जागा सोडली, मग तिथे बार्साच्या मिडफिल्डमधला शावी किंवा इनिएस्ता मोकळा झाला. ते तळव्याने मागे ओढणं, म्हणजे ड्रॅग बॅक, नुसतं दिसायला आहे, खरा माल ती मोकळी झालेली जागा. त्यामुळे त्या वेळी व्हिडिओ थांबवा आणि पोराला विचारा, आता सांग, मोकळा कोण झाला?

चौथं, टीमकडून बॉल जातो तेव्हा तो कुठे असतो. हे सगळ्यात कमी लोक बघतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकण्यासारखं हेच आहे. बार्साचा अटॅक चालू असताना हा समोरच्या टीमच्या त्या एका माणसाजवळ सरकत असतो ज्याच्याकडे बॉल सुटून जाणार आहे. बॉल गेला की पहिला पास तिथेच येतो आणि हा आधीपासून तिथे हजर असतो. लांब पाय टाकून बॉल काढतो, फार क्वचित जमिनीवर घसरतो. नाही जमलं तर छोटा फाऊल करतो आणि काउंटर, म्हणजे समोरच्यांचा झटपट उलटा अटॅक, तिथेच मरतो. असे फाऊल शहाणपणाचे म्हणतात, मला ते आवडतात असं नाही, पण खेळाचा भाग आहेत आणि पोरांना माहीत असलेले बरे. एक गोष्ट मात्र मला ह्या माणसाची कधीच पटली नाही, २०१० च्या एप्रिलमध्ये इंटर मिलानविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलला थियागो मोट्टाचा हात लागल्यावर हा तोंड धरून खाली पडला आणि बोटांच्या फटीतून रेफरी काय करतोय ते बघत होता. मोट्टाला रेड कार्ड मिळालं. बार्सा ती मॅच १-० जिंकली पण दोन मॅचेसच्या बेरजेत फायनलला इंटरच गेली. भाच्याला मी ते पण दाखवलं आणि हे आपण करायचं नाही असं स्पष्ट सांगितलं.

पाचवं लवकर सांगतो, गोलकीपरकडून खेळ सुरू होताना तो दोन सेंटर बॅकच्या (मधल्या डिफेंडरच्या) मधे उतरतो, सेंटर बॅक रुंद होतात, आल्वेस वगैरे साइडचे लोक वर चढतात. समोरून दोन स्ट्रायकर प्रेस करत असतील तर आता मागे तीन जण झाले, सरळ हिशोब आहे.

आता कुठल्या मॅचेस आणि कुठल्या क्रमाने.

पहिली १३ सप्टेंबर २००८, कॅम्प नाऊ (बार्साचं स्टेडियम), रासिंग सांतांदेरविरुद्ध, बुस्केट्सची ला लीगातली पहिली मॅच. पेपच्या टीमने लीगची पहिली मॅच नुमान्सियाकडून हरली होती आणि दुसऱ्या मॅचला त्याने बी टीममधली बुस्केट्स आणि पेद्रो अशी दोन पोरं उतरवली. निकाल १-१. पेपर्समध्ये टीका झाली, पण बाहेरून क्रायफ मात्र म्हणत होता की टीम चांगलं खेळतेय. ही मॅच मिळाली तर बघा, कारण वीस वर्षांच्या पोरात ह्या सगळ्या सवयी आधीपासून होत्या हे तिच्यात दिसतं, बारीकसारीक चुका पण दिसतात, आणि त्या बघून पोरांना धीर येतो.

मग चॅम्पियन्स लीगच्या दोन फायनल जोडीने बघा. २७ मे २००९ रोम आणि २८ मे २०११ वेम्बली, दोन्ही मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, एक २-० आणि एक ३-१. दोन्हीमध्ये पहिली दहा मिनिटं युनायटेड जोरात असते, बार्सा दबलेली असते, आणि तुमचं काम एवढंच की त्या दहा मिनिटांत बुस्केट्स काय करतो ते बघायचं. घाई करत नाही. सोपे पास, पाच मीटर, सात मीटर, परत मागे, परत बाजूला, आणि हळूहळू शावी-इनिएस्ताला बॉल मिळायला लागतो. रोमला याया तूरे सेंटर बॅकला खेळला होता आणि त्याची मधली जागा ह्या पोराकडे होती, एकवीस वर्षं पूर्ण व्हायची होती तेव्हा.

तिसरा टप्पा २०१० चा वर्ल्ड कप, आणि इथे हरलेली मॅच आधी बघायची. १६ जून, डर्बन, स्वित्झर्लंड १, स्पेन ०. त्या हरण्यानंतर स्पेनमध्ये खूप ओरड झाली की बुस्केट्स आणि शाबी अलोन्सो असे दोघं दोघं डिफेन्सिव्ह मिडफिल्डर कशाला पाहिजेत, एकाला काढा, आणि बोट बहुतेक वेळा बुस्केट्सकडे होतं. देल बॉस्केने ऐकलं नाही, उलट म्हणाला की मी प्लेअर असतो तर मला बुस्केट्ससारखं व्हायला आवडलं असतं. पुढची एकेक मॅच तो त्याला खेळवत गेला. मग ७ जुलैची जर्मनीविरुद्धची सेमीफायनल बघा, पुयोलच्या हेडरवर १-०. त्या वर्ल्ड कपला जर्मनीने इंग्लंडला ४ आणि अर्जेंटिनाला ४ मारले होते, बरेचसे काउंटरवर, मधून ओझिल फिरायचा. सेमीफायनलला ओझिल जिथे जिथे बॉल घ्यायला येतो तिथे कोण उभं असतं ते मोजा. आम्ही रविवारी दुपारी ही मॅच लावली होती आणि भाच्याने पहिल्यांदा स्वतःहून रिमोट घेऊन मागे केलं, "थांब मामा, परत बघू."

चौथी जोडी मला सगळ्यात जास्त आवडते. २०२१ ला झालेला युरो, सेव्हिया. बुस्केट्स कॅप्टन, पण स्पर्धेच्या तोंडावर कोविड झाला म्हणून पहिल्या दोन मॅचेस बाहेर. स्वीडनशी ०-०, पोलंडशी १-१, बॉल भरपूर पण गोल होत नाहीत. तिसऱ्या मॅचला, २३ जूनला, हा परत आला आणि स्लोव्हाकियाला ५-० ने हरवलं, मॅन ऑफ द मॅच हाच, आणि मॅचनंतर बोलताना डोळ्यांत पाणी. ५-० चं सगळं श्रेय त्याचं एकट्याचं असं मी म्हणणार नाही, स्लोव्हाकियाच्या कीपरने स्वतःच्याच गोलमध्ये बॉल घातला होता. पण स्वीडनची मॅच आणि ही मॅच शेजारी शेजारी ठेवा आणि बॉल पहिल्या झटक्यात पुढे किती वेळा जातो ते बघा. त्याचं वय तेव्हा बत्तीस होतं आणि पाय आधीपेक्षा जड झाले होते, मान मात्र तेवढीच फिरत होती.

आणि वाईट मॅचेस पण बघायच्याच. ७ मे २०१९ अॅनफिल्ड, लिव्हरपूलकडून ४-० हार. १४ ऑगस्ट २०२० लिस्बन, बायर्नकडून ८-२ हार. मला स्वतःला ह्या परत लावताना त्रास होतो, पण त्यातून एक गोष्ट कळते जी जिंकलेल्या मॅचेसमधून कधीच कळत नाही. बुस्केट्सचा सगळा खेळ अंतरावर चालतो. पुढचे लोक बॉल गेल्यावर लगेच प्रेस करतात, मागचे वर सरकतात, मधे वीस-पंचवीस मीटरचा पट्टा राहतो, तेवढ्यात हा राजा. पुढच्यांनी प्रेस सोडलं आणि मागचे खाली राहिले की तोच पट्टा दुप्पट होतो, मग त्याला पळावं लागतं, आणि पळण्यात तो तेव्हा मागे पडत होता. लोक म्हणायचे बुस्केट्स संपला. मी म्हणेन व्हिडिओ थांबवा आणि त्याच्या पुढे-मागे किती जागा मोकळी आहे ते मोजा. पोरांच्या कोचनी तर हे नक्की करावं, कारण आपल्याकडे गोल खाल्ला की पहिली शिवी मधल्या पोराला बसते.

शेवटची काही वर्षं भरभर बघितली तरी चालेल. २०२२ च्या वर्ल्ड कपला मोरोक्कोविरुद्ध पेनल्टीवर बाहेर, त्यात स्पेनच्या तिन्ही पेनल्टी हुकल्या आणि तिसरी ह्याची होती, आणि तीच त्याची स्पेनकडून शेवटची मॅच ठरली. २८ मे २०२३ ला कॅम्प नाऊवर मायोर्काविरुद्ध ३-० आणि निरोप, कॅप्टन म्हणून लीग जिंकून. मग अमेरिकेत इंटर मायामी, मेस्सी आणि जॉर्डी आल्बाबरोबर, आणि डिसेंबर २०२५ ला एमएलएस कप (तिथल्या लीगची फायनल) जिंकून बूट काढले.

आता बघून झालं की ग्राउंडवर काय करायचं. फार साहित्य लागत नाही. पहिलं, रोंडो, म्हणजे चार जण बाहेर, दोन जण आत, आतल्यांनी बॉल पकडायचा, बाहेरच्यांना दोनच टच. आपण ह्याला नुसता वॉर्म-अप समजतो आणि हसत खिदळत उरकतो, बार्सात मात्र ह्याच्यावर सगळी इमारत उभी आहे. पोराला मधोमध पाचवा म्हणून पण उभं करा, सगळीकडून पास येतील आणि त्याला वळून द्यावे लागतील. दुसरं, मानेचा सराव, एक जण समोरून पास देतो, दुसरा पोराच्या मागे उभा राहून बोटं दाखवतो, दोन किंवा तीन किंवा चार, आणि पोराने बॉल पायाशी यायच्या आधी आकडा ओरडायचा. आठवडाभर आकडे चुकतात, मग बरोबर यायला लागतात. तिसरं, बॉल नेहमी लांबच्या पायावर घ्यायचा, घराच्या भिंतीवर मारून एकट्याने करता येतं, शेजारी ओरडतील तेवढं सांभाळा. ड्रॅग बॅक सगळ्यात शेवटी, आणि स्वतःच्या गोलसमोर तर अजिबात नको.

ह्या पद्धतीचं काही आपल्या जवळ बघायचं असेल तर एफसी गोवाच्या जुन्या मॅचेस शोधा. २०१७ ला सर्जिओ लोबेरा तिथे कोच म्हणून आला, तो बार्साच्या यंत्रणेत काम केलेला माणूस, आणि त्याच वर्षी एदू बेदिया आला, स्पॅनिश मिडफिल्डर, सांतांदेरचा, बार्साच्या बी टीमकडून खेळलेला, पुढे बरीच वर्षं गोव्यातच राहिला. बेदिया बुस्केट्सपेक्षा जास्त पुढे खेळायचा, पास जास्त धाडसाचे, पण बॉल घ्यायच्या आधीची मान आणि तिरकं उभं राहणं बघा, शाळा तीच आहे हे लगेच कळतं. फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये बसून बघितलेल्यांना तर मी काय वेगळं सांगू.

सुरुवात आजच करायची असेल तर २९ नोव्हेंबर २०१० ची बार्सा विरुद्ध रेआल माद्रिद लावा, ५-० वाली. पहिली अठरा मिनिटंच बघा, तेवढ्यात शावीचा आणि पेद्रोचा असे दोन गोल होतात. एकदा नेहमीसारखी बघा, मग आवाज बंद करून, वही घेऊन, फक्त १६ नंबरकडे बघत परत पहिल्यापासून. भाच्याच्या वहीत त्या अठरा मिनिटांसमोर मान वळवल्याच्या रेघांनी दीड पान भरलंय, आणि खाली त्याने बारीक अक्षरात लिहिलंय, "गोल झाला तेव्हा मी बघितलाच नाही."